घर आणि शाळा यांच्यातील निरोप

श्रोतेहो, नमस्कार.

वजाबाकीच्या एका वहीपासून सुरुवात करते. मी तिसरीच्या वर्गाला गणित शिकवत होते, त्या वर्षीची ही गोष्ट आहे. एका मुलाच्या बिनहातच्याच्या सगळ्या वजाबाक्या बरोबर येत आणि हातच्याच्या सगळ्या चुकत. ५२ वजा २७ याचे उत्तर त्याने १५ लिहिले होते आणि ८३ वजा ४६ याचे २७. ‘निष्काळजीपणा टाळावा’ असा शेरा मी दोनदा लिहिला. दोन्ही वेळा पालकांची सही होऊन वही परत आली आणि पुढच्या पानावर तीच चूक पुन्हा दिसली. तिसऱ्यांदा तपासताना लक्षात आले की प्रत्येक उत्तर नेमके दहानेच कमी आहे. निष्काळजी मूल इतक्या शिस्तीने चुकत नाही.

मी वडिलांना बोलावून घेतले, वही समोर ठेवली आणि घरी ही वजाबाकी कशी करून घेता ते दाखवा, अशी विनंती केली. त्यांनी स्वतः लहानपणी शिकलेली रीत करून दाखवली. वरच्या दोनाचे बारा केले, त्याची भरपाई म्हणून खालच्या दोनाचे तीन केले, पाचातून तीन वजा केले आणि उत्तर आले २५. वर्गात मी शिकवत होते ती रीत वेगळी होती. त्या रीतीत वरच्या पाच दशकांतून एक दशक उसना घ्यायचा, पाचाचे चार करायचे आणि त्यातून खालचे दोन वजा करायचे. उत्तर तेच, २५. दोन्ही रीती निर्दोष आहेत. मुलगा मात्र आम्हा दोघांचेही ऐकत होता. तो वरच्या पाचाचे चारही करत होता आणि खालच्या दोनाचे तीनही. वडील घरी मनापासून शिकवत होते, मी वर्गात मनापासून शिकवत होते, आणि आमच्या दोघांमध्ये ये-जा करत होती ती केवळ एक शेरा आणि एक सही.

युरी ब्रॉन्फेनब्रेनर या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ साली बालविकासाचा जो विचार मांडला, त्यात मुलाचे घर आणि मुलाची शाळा यांच्याइतकेच महत्त्व त्या दोहोंमधील संबंधालाही दिले आहे. घर चांगले असते, शाळाही चांगली असते, आणि तरीही या दोन ठिकाणांना एकमेकांची खबर नसल्यामुळे मूल मध्येच अडखळते, हे त्या वहीने मला शिकवले. म्हणूनच पालक आणि शिक्षक यांच्या सहकार्याविषयी बोलताना मी समारंभ, समित्या किंवा सभेतील उपस्थिती यांच्याकडे वळत नाही. घराकडून शाळेकडे आणि शाळेकडून घराकडे जाणारा निरोप नेमका काय सांगतो, हा माझ्या दृष्टीने खरा प्रश्न आहे.

या संदर्भात २००९ साली नॅन्सी हिल आणि डायना टायसन यांनी पूर्वीच्या ५० अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला होता. पालकांचा कोणता सहभाग माध्यमिक वयाच्या आरंभीच्या मुलांच्या यशाशी जोडलेला दिसतो, हे त्यांना पाहायचे होते. शिक्षणाविषयी घरात होणारे बोलणे, मुलाकडून असलेली अपेक्षा त्याला स्पष्ट कळणे, आज शिकलेल्या गोष्टीचा पुढच्या आयुष्याशी असलेला संबंध उलगडून दाखवणे, या गोष्टींचा यशाशी सर्वांत घट्ट संबंध आढळला. गृहपाठात प्रत्यक्ष मदत करण्याचा तसा लाभ दिसला नाही. अडचणीत असलेल्या मुलाचाच गृहपाठ पालक अधिक घेतात, हेही त्यामागचे एक कारण असू शकते. त्यामुळे मदत करूच नये, असा अर्थ मी काढत नाही. मात्र ज्या आईवडिलांना आपले शिक्षण कमी असल्याचा संकोच वाटतो, त्यांना मला आग्रहाने सांगावेसे वाटते की तुम्हाला बीजगणित येत नसले तरी तुमचे स्थान रिकामे राहत नाही. “आज वर्गात काय झाले, ते मला समजावून सांग,” एवढे म्हणून शेजारी बसणारी आई मुलाकडून त्या धड्याची उजळणीच करून घेत असते. वजाबाकीच्या त्या वडिलांशीही आमचे हेच ठरले की त्यांनी स्वतःची रीत न सांगता मुलाला वर्गातली रीत मोठ्याने बोलून करायला लावावी.

आता शिक्षकांच्या बाजूचे. मॅथ्यू क्राफ्ट आणि टॉड रॉजर्स यांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग मला फार मोलाचा वाटतो. अमेरिकेत राहिलेले विषय सुट्टीत पूर्ण करणाऱ्या विद्यार्थ्यांच्या पालकांना शिक्षकांकडून आठवड्याला फक्त एक वाक्य पाठवले गेले, आणि ते वाक्य त्या त्या मुलाविषयीचे होते. विषय पूर्ण न करू शकलेल्या मुलांचे प्रमाण १५.८ टक्क्यांवरून ९.३ टक्क्यांवर आले. मुलाचे काय चांगले चालले आहे एवढेच सांगणाऱ्या वाक्यापेक्षा काय सुधारता येईल हे सांगणाऱ्या वाक्याचा परिणाम अधिक झाला, कारण त्यामुळे घरी बोलायला एक नेमका विषय मिळाला.

‘अभ्यासाकडे लक्ष द्यावे’ हा निरोप हाती आल्यावर पालकाने करायचे काय? तो फार तर मुलाला रागावेल. ‘तिचे उत्तर बरोबर असते, पण ती पायऱ्या लिहीत नाही, या आठवड्यात तेवढे पाहा’ असा निरोप आला, तर कोणत्याही घरात त्याचे काहीतरी होते. वर्गात ४० मुले असतील तर आठवड्याला ४० वाक्ये, म्हणजे पाच दिवसांत रोज आठ. हे शिक्षकांवरचे ओझे आहे, हे मी नाकारत नाही, आणि त्यासाठी शाळेने कामाच्या वेळातूनच वेळ काढून दिला पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

एक पथ्य दोन्ही बाजूंनी पाळण्याजोगे आहे. पालकांचे शिक्षकांशी मतभेद असतील तर ते शिक्षकांसमोर बोलावेत, मुलासमोर नव्हे. आणि शिक्षकांनी घरी काही कळवायचे असेल तर ते आधी मुलाला सांगावे. आपल्या पाठीमागे दोन मोठी माणसे कट करत आहेत, असे वाटू लागले की मोठे होत चाललेले मूल दोघांपासूनही गोष्टी लपवू लागते.

त्या वहीनंतर मी एक गोष्ट बदलली. वर्षाच्या पहिल्याच आठवड्यात, तक्रारीचे काही कारण घडण्यापूर्वी, प्रत्येक पालकाला एक प्रश्न लिहून पाठवू लागले: तुमच्या मुलाविषयी मला काय माहीत असायला हवे? ज्यांना लिहिणे जमत नसे, त्यांचे उत्तर मी बोलून विचारून घेत असे. एका आईने उत्तरादाखल एवढेच लिहिले होते की समजले नाही तरी तो मान डोलावतो. त्या दिवसापासून मी त्या मुलाला “समजले का?” असे विचारणे सोडले आणि त्याच्या हाती खडू देऊ लागले.