सायकल कॉम्प्युटर घेताना: आकडा येतो कुठून?

मंडळी, सायकल कॉम्प्युटर म्हणजे हँडलवर बसणारं, वेग, अंतर आणि उंची दाखवणारं छोटं यंत्र. ते घ्यायला दुकानात गेलं की आधी स्क्रीनचा आकार आणि रंगीत नकाशा दाखवतात. दोन्ही जरा बाजूला ठेवा. स्क्रीनवरच्या प्रत्येक आकड्याला एकच प्रश्न विचारायचा: तू आलास कुठून? उपग्रहाकडून, हवेच्या दाबातून, की चाकातून? आपल्याकडं कोल्हापुरात शहराबाहेर पश्चिमेला निघालं की चढ, आणि जूननंतर पाऊस. त्यामुळं पुण्या-मुंबईच्या यादीतलं 'बेस्ट' आपल्याला बेस्ट असेलच असं नाही.

उंचीपासून सुरुवात करू, स्वस्त यंत्र तिथंच उघडं पडतं. जीपीएसला आडवी जागा बऱ्यापैकी कळते, उंची कमी कळते. कारण सगळे उपग्रह वरच्या बाजूला, पायाखाली एकही नाही. नुसत्या जीपीएसवर चालणारं यंत्र शिरोळच्या सपाट रस्त्यावरही चढ मोजत बसतं. उंची थोडी वर-खाली डळमळते आणि प्रत्येक 'वर' बेरजेत जातो. म्हणून बॅरोमीटर, म्हणजे हवेचा दाब मोजणारा सेन्सर, असलेलंच घ्या. कोल्हापूरच्या उंचीवर साधारण ९ मीटर चढलं की हवेचा दाब १ हेक्टोपास्कलनं उतरतो. पन्हाळा भोवतालच्या सपाटीपासून ४०० मीटरहून जास्त उंच, म्हणजे पायथ्यापासून वरपर्यंत चाळीस-पंचेचाळीस हेक्टोपास्कलचा फरक. एवढा फरक सेन्सर सहज पकडतो.

पण बॅरोमीटरचीही खोड आहे. आपल्या पट्ट्यात हवेचा दाब पहाटे चारच्या सुमारास कमी असतो आणि सकाळी दहापर्यंत दोन-तीन हेक्टोपास्कल चढतो. पहाटे निघून दहाला परतलात तर तुमचं घर वीसेक मीटर खाली सरकलेलं दिसेल. यंत्र बिघडलेलं नाही, हवा बदलली. काही यंत्रं जीपीएसची मदत घेऊन हे सावरतात, काहींत घराची उंची एकदा हातानं भरून ठेवावी लागते. पावसात सेन्सरच्या बारीक छिद्रावर पाणी बसलं की मात्र उंची एकदम उडी मारते किंवा गोठून राहते. छिद्र साध्या पाण्यानं धुवा, पुसा, वाळू द्या. टाचणी घालू नका, आतला पडदा फाटतो.

चढाचा टक्का दहा-पंधरा सेकंद उशिरा दिसतो, हेही ध्यानात असू द्या. उंची आणि अंतर दोन्ही थोडं साठल्याशिवाय उतार काढता येत नाही. पन्हाळ्याच्या वाटेवर वाघबीळच्या पुढं आठ टक्के वाचून गिअर टाकायचा म्हटलं तर उशीर झालेला असतो. तिथं पाय आधी सांगतात.

आता अंतर. करूळ किंवा भुईबावडा घाटात एका बाजूला कडा असतो, अर्धं आकाश झाकलेलं. उपग्रहाचा सिग्नल कड्यावर आपटून येतो आणि तुमच्या वाटेची नोंदलेली रेघ रस्ता सोडून दरीतून जाते. एल-१ आणि एल-५ अशा दोन्ही फ्रिक्वेन्सी घेणारं, म्हणजे मल्टिबँड यंत्र तिथं बरंच सुधारतं, पण बॅटरी जास्त खातं. शहरात आणि उघड्या रानात त्याची गरज नाही. रेकॉर्डिंग मात्र दर सेकंदाला ठेवा. ताशी ४० नं उतरताना सेकंदाला ११ मीटर जातात. पाच सेकंदांनी एक बिंदू घेतला तर मधले ५५ मीटर सरळ रेघेत, अख्खं वळण गायब.

यावर खरा इलाज म्हणजे हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या भागावर, बसून चाकाचे फेरे मोजणारा स्पीड सेन्सर. त्याला आकाश लागत नाही, सीआर २०३२ चा एक बटण-सेल पुरतो. चाकाचा परीघ मात्र नीट भरा. ७०० बाय २५ मापाच्या टायरला तक्त्यात २१०५ मिलिमीटर असतो, २८ ला २१३६. टायर २८ चा आणि परीघ २५ चा भरला तर १०० किलोमीटरला दीड किलोमीटर कमी दिसतं. तक्त्यापेक्षा स्वतः मोजणं चांगलं: नेहमीची हवा भरा, व्हॉल्व्ह खाली आणून जमिनीवर खूण करा, सायकलवर बसून सरळ तीन फेरे पुढं जा, दुसरी खूण करा, अंतराला तीननं भागा.

सेन्सर अँट-प्लस आणि ब्लूटूथ या दोन्ही बिनतारी पद्धतींवर चालणारा घ्या. अँट-प्लसवर एकच सेन्सर कितीही यंत्रं वाचतात. बऱ्याच जुन्या ब्लूटूथ सेन्सरना मोबाइल जोडला गेला की कॉम्प्युटरला तो सापडतच नाही. 'सेन्सर बंद पडला' या तक्रारीमागं पुष्कळदा एवढंच असतं. ऊसतोडीच्या हंगामात ट्रॉल्यांच्या रस्त्यावर फिरणाऱ्यांनी मागून येणारं वाहन कळवणारा रडार जोडता येतो का, हेही बघावं.

बॅटरीचे खोक्यावरचे तास नकाशा आणि बॅकलाइट बंद ठेवून मोजलेले असतात असं धरून चला. २०० किलोमीटरच्या ब्रेव्हेची, म्हणजे ठरावीक वेळेत पूर्ण करायच्या लांब सायकल फेरीची, मुदत साडेतेरा तास, ३०० ची २०. तीनशेचा विचार असेल तर लिहिलेले तास तिशीच्या आसपास हवेत, नाहीतर पॉवर बँक लावून रेकॉर्डिंग चालू राहतं का ते विचारा. शिवाय चार्जिंगचं भोक खालच्या बाजूला असेल तर माउंटवर (हँडलवरच्या पकडीवर) बसल्यावर केबल जाते का, हे तिथंच बसवून बघा.

टच की बटण? बटण. पावसाचे आणि घामाचे थेंब टच स्क्रीनवर बोटासारखे वागतात, पानं आपोआप पालटतात. टच आवडत असेल तर बटणंही असलेलं मॉडेल निवडा. खोक्यावर पाण्यापासून बचावाचा दर्जा लिहिलेला असतो; आयपीएक्स-७ म्हणजे एक मीटर खोल साठलेल्या पाण्यात अर्धा तास. वॉशिंग सेंटरच्या प्रेशर पाइपाशी त्याचा संबंध नाही. भिजून आल्यावर लगेच चार्जिंगला लावू नका, ओल्या पिनांवर हिरवा गंज चढतो.

नकाशाचं म्हणाल तर आधी मोबाइलवर रूट बनवून यंत्रात टाकला की साध्या रेघेवरही गगनबावड्याला जाऊन येता येतं. अनोळखी गावरस्ते फिरणाऱ्यांनीच नकाशासाठी जादा पैसे मोजावेत.

माउंटबद्दल एकच: गार्मिन आणि वाहू या कंपन्यांचे पाव फेरा फिरवून बसवायचे माउंट दिसायला सारखे, पण एकमेकांत बसत नाहीत. जबरदस्ती केली की प्लॅस्टिकचे कान तुटतात, म्हणून यंत्राला हँडलशी दोरी बांधाच. आणि जुनं यंत्र घेत असाल तर पैसे देण्याआधी मूळ मालकाच्या खात्यातून ते काढून टाकायला लावा, तुमच्या मोबाइलला जोडून बघा आणि दुकानाबाहेर उघड्यावर नेऊन उपग्रह पकडेपर्यंत थांबा. बरेच दिवस बंद असलेल्या यंत्राला पहिल्यांदा काही मिनिटं लागतात, तेवढ्यावरून नाकारू नका.