कुजलेला पत्रा फेकू नका
(ऑटो बॉडी आणि पत्राकाम शिकणाऱ्या विद्यार्थ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

मुलांनो, आज मी एकाच प्रकारच्या गाडीबद्दल बोलणार आहे. कारखान्यातून निघाली तेव्हा ती फियाट 1100 असेल नाहीतर विलीजची जीप असेल. पुढे कुणीतरी हौसेनं तिचं छप्पर कापलं, मडगार्ड फुगवले, बॉनेट लांबवलं. अशा गाड्या मराठवाड्यात शेतातल्या आखाड्यावर, वाड्याच्या बोळीत, जिनिंगच्या बंद शेडमध्ये अजून सापडतात. ॲम्बेसेडर 2014 पर्यंत निघत होती, म्हणून तिचा दरवाजा भंगार बाजारात शोधला तर मिळेलही. पण हातानं घडवलेल्या मडगार्डाचा जोड कुठल्याही दुकानात मिळणार नाही. तो आपल्यालाच करावा लागतो, आणि त्याचा एकमेव नकाशा म्हणजे गाडीवर उरलेला कुजका पत्रा. काम संपेपर्यंत त्याचा तुकडाही भंगारवाल्याला देऊ नका.

आपल्याकडे पत्रा कुजतो तो बहुतेक आतून. काळी माती मडगार्डाच्या आतल्या कोपऱ्यात घट्ट बसते आणि पावसाळा सरला तरी ओल धरून राहते. वरून रंग चकचकीत असतो, नखानं दाबलं की खपली निघते. म्हणून आधी आतून माती खरवडा, धुवा, वाळवा, मग चुंबक फिरवा. चुंबक धरत नाही तिथं पुट्टी जाड आहे, किंवा फायबर आहे, किंवा पत्रा ॲल्युमिनियमचा आहे. जुना रंग कोरडा घासताना तोंडाला साधा रुमाल पुरत नाही. त्या रंगात शिसं असू शकतं, चांगला मास्क लावा.

परभणीकडून आलेल्या एका फियाटचं सांगतो. छप्पर कापून उघडी केलेली, दोनच सीटची. डाव्या मडगार्डाची चाकावरची कमान उजव्यापेक्षा 14 मिलिमीटरनं उंच होती. रंग उतरवल्यावर डाव्या बाजूला पितळेची पिवळी रेघ दिसली. पहिल्या कारागिरानं डावा मडगार्ड दोन तुकड्यांत करून पितळेनं जोडला होता, उजवा एकाच पत्र्यातून काढला होता. अशा वेळी उजव्याचं माप उलटं करून डाव्याला लावलं, तर दरवाज्याची फट बिघडते आणि बॉनेटही नीट बसत नाही, कारण शेजारचे सगळे भाग त्या 14 मिलिमीटरशी जुळवून घेतलेले असतात. शिवाय ती उंची त्या माणसाच्या हाताची आहे. ती पुसायचा हक्क आपल्याला नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. दोन्ही बाजू वेगवेगळ्या मोजा. आणि पितळेचा जोड काढायचा तर पितळ लागलेला पत्रा सगळाच कापून काढा. पितळ राहिलं आणि त्यावर वेल्डिंग केलं, तर जोडाला तडे जातात.

माप घेताना मडगार्ड गाडीवरच असू द्या. दर 100 मिलिमीटरवर खडूची रेघ मारा आणि प्रत्येक रेघेवर पुठ्ठ्याचा फर्मा, म्हणजे तिथल्या वळणाचा साचा, कापून बसवा. कुजून भोक पडलंय तिथं अलीकडच्या-पलीकडच्या फर्म्यांवरून वळण ओढून घ्या. मग त्या फर्म्यांवरून 6 मिलिमीटरच्या सळईचा सांगाडा वळवा. नवीन पत्रा त्यावर ठेवला की कुठं टेकतो आणि कुठं उचलला जातो ते लगेच दिसतं. जालन्याला सळईच्या गिरण्या आहेत, सळईला तोटा नाही. पत्रा मात्र नीट बघून घ्या. सीआरसी, म्हणजे थंड लाटलेला पत्रा हवा, त्यातही खोल ओढीचा, म्हणजे मऊ. जाडी जुन्या पत्र्याच्या साफ कडेवर मायक्रोमीटर लावून ठरवा. 20 गेज म्हणजे साधारण 0.9 मिलिमीटर, 18 गेज म्हणजे 1.2. स्वस्त पडतो म्हणून जस्ताचा थर दिलेला जीआय पत्रा आणू नका, वेल्डिंगला त्याचा पांढरा धूर छातीत जातो आणि ताप आणतो.

आता खरं काम. एका दिशेला वळलेला पत्रा कुणालाही वळवता येतो. मडगार्ड दोन्ही दिशांना गोल असतो, आणि तिथं नुसतं वळवून भागत नाही. मधला पत्रा ताणावा लागतो, नाहीतर कडेचा आवळावा लागतो. मधे ताणायला वाळूची पिशवी आणि लाकडी हातोडा, किंवा बाभळीच्या ओंडक्यात कोरलेली वाटी. बाभळीचं लाकूड चिवट, वर्षानुवर्षं मार खातं. पण नवीन मुलं मधेच ठोकत बसतात आणि पत्रा पातळ करून ठेवतात. माझा भर आवळण्यावर आहे. कडेला नऊवारीच्या निऱ्यांसारख्या चुण्या पाडायच्या. चुणीचं टोक आधी दाबून बंद करायचं, म्हणजे ती बाहेर पसरणार नाही, आणि मग आतून कडेकडं हलक्या हातानं ठोकत ती पत्र्यातच जिरवायची. चुणी जिरली की तेवढी कड लांबीनं कमी होते, जाडीनं वाढते आणि पोट आपोआप वर येतं. दर दोन-तीन चुण्यांनंतर सांगाड्यावर लावून बघा.

मडगार्डाच्या कडेत तार भरलेली असते. तिच्यासाठी तारेच्या जाडीच्या अडीच पट पत्रा जास्त सोडायचा. 4 मिलिमीटरची तार, तर 10 मिलिमीटर. आधी मडगार्ड पूर्ण घडवा, मग तार भरा. तार भरल्यावर कड हलत नाही.

जोडकामाला गॅस वेल्डिंग किंवा टिग वेल्डिंग. तो जोड मऊ राहतो, डॉली, म्हणजे हातात मावणारा लोखंडी ठोकळा, मागं धरून ठोकता येतो. मिग वेल्डिंगचा, म्हणजे आपोआप पुढं सरकणाऱ्या तारेच्या वेल्डिंगचा, थेंब कडक, तो घासूनच काढावा लागतो, म्हणून दिसणाऱ्या भागात मी मिग टाळतो. वेल्डिंगचे टाके लांब लांब घ्या, एका ठिकाणी उष्णता साठू देऊ नका, नाहीतर पत्रा लहरतो. शेवटी पुट्टी दोन-तीन मिलिमीटरच्या वर जात असेल, तर पत्राकाम अजून संपलेलं नाही.

कागदांचं थोडक्यात सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे नोंदणीच्या कागदात आहे त्याहून वेगळा बदल गाडीत करता येत नाही, आणि 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही त्यावर ठाम निकाल दिला. 2021 पासून 50 वर्षांपुढच्या गाड्यांना ‘व्हीए’ मालिकेचा विंटेज नंबर मिळतो, पण चासी किंवा बॉडीत मोठा बदल केलेल्या गाडीला तो नाही. म्हणून हत्यार लावण्याआधी मालकाला आरटीओत पाठवा, आणि चासी नंबरच्या पत्र्याला ग्राइंडर अजिबात लावू नका.

गाडी देताना पुठ्ठ्याचे फर्मे फेकून देऊ नका. प्रत्येकावर बाजू, रेघेचा क्रमांक आणि पत्र्याचा गेज लिहा, गठ्ठा बांधा आणि गाडीच्या कागदांसोबत मालकाच्या हातात द्या. पुढच्या मिस्त्रीला पुन्हा कुजक्या पत्र्यावरून माप काढावं लागू नये.