गांगनुंगच्या बर्फावरचे आरिरांग

(दृश्य : गांगनुंग आइस अरीना, 11 फेब्रुवारी 2018. प्योंगचांग ऑलिंपिकच्या फिगर स्केटिंगच्या सांघिक स्पर्धेतील शॉर्ट डान्स, म्हणजे आइस डान्समधील पहिले, छोटे नृत्य. युरा मिन आणि अलेक्झांडर गॅमेलिन रिंकच्या मध्यभागी उभे आहेत.)

संगीत सुरू होऊन जेमतेम पाच सेकंद झाले आहेत. युरा मिनच्या मानेमागे पोशाख धरून ठेवणारे हुक निघाले आहे, आणि प्रेक्षकांच्या ते लक्षात येण्यापूर्वी तिच्या लक्षात आले आहे. आता तिच्या खांद्यांकडे पाहा. रुंबाच्या ठेक्यावर जे खांदे सैल खेळायला हवेत, ते ती मागे ओढून ताठ धरते आहे, कारण खांदे पुढे आले की पोशाख घसरणार. गॅमेलिनलाही प्रकार कळला आहे, परंतु या नृत्यरचनेत हुक पुन्हा अडकवण्याइतकी उसंत कुठेच नाही.

थांबता आले असते. नियम तशी मुभा देतो: नृत्य मध्येच थांबवून, पोशाख नीट करून उरलेला भाग पुढे सुरू करता येतो, मात्र त्यासाठी 5 गुण कापले जातात. युरा थांबली नाही. गिरक्या, लिफ्ट, पावलांची गुंतागुंतीची रचना हे सगळे तिने एक लक्ष पोशाखावर ठेवून पार पाडले. गुण मिळाले 51.97. वैयक्तिक स्पर्धेला आपण पोशाख अंगावर शिवूनच उतरू, असे तिने नंतर समाजमाध्यमावर गमतीने लिहिले. आठ दिवसांनी हेच नृत्य याच रिंकवर झाले, या वेळी पोशाख जागच्या जागी राहिला आणि गुण 61.22 झाले. हुकाची किंमत एवढी होती.

त्या आठवड्यात जगभर ही जोडी ओळखली गेली ती या प्रसंगामुळे. युराचा जन्म कॅलिफोर्नियातील टॉरन्सचा, गॅमेलिनचा बॉस्टनचा. दोघेही अमेरिकेत वाढलेले आणि तिथेच स्केटिंग शिकलेले. मग त्यांच्या नावापुढे पडद्यावर दक्षिण कोरियाचा झेंडा कसा आला, याला बातम्यांत फारशी जागा मिळाली नाही. या चित्रफितीत आपण तेच पाहणार आहोत.

(दृश्य : मिशिगन राज्यातील नोव्हाय. सकाळची रिंक, सरावासाठी उतरलेल्या जोड्या.)

डेट्रॉइट शहराच्या आसपासची ही उपनगरे बाहेरून पाहिली तर मोटारींच्या कारखान्यांची वाटतात, परंतु आइस डान्सच्या जगात त्यांचे स्थान फार मोठे आहे. 2010 च्या व्हँकुव्हर ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळवणारी कॅनडाची जोडी आणि रौप्यपदक मिळवणारी अमेरिकेची जोडी, या दोन्ही जोड्या याच परिसरातील कँटन येथे एकाच प्रशिक्षक द्वयीकडे सराव करीत होत्या. त्या द्वयीपैकी एक ईगोर श्पिलबँड. ते मूळचे मॉस्कोचे, 1990 मध्ये अमेरिकेत आले आणि तिथेच राहिले. पुढे त्यांनी नोव्हाय येथे प्रशिक्षण सुरू केले, आणि तिथे त्यांच्याकडे निरनिराळ्या देशांच्या जोड्या आल्या. म्हणजे प्रशिक्षक रशियन, रिंक अमेरिकन आणि बर्फावर घसरणाऱ्या जोड्यांचे झेंडे भलतेच. हा अपवाद नव्हे, या खेळाचा नित्याचा व्यवहार असाच आहे.

याचे कारण सामान्य प्रेक्षकाला सहसा सांगितले जात नाही. आइस डान्समध्ये एकेरी स्केटिंगसारख्या उड्या नसतात आणि पेअर्स या जोडीच्याच दुसऱ्या प्रकारासारखी जोडीदाराला हवेत फेकण्याची कसरतही नसते. इथे गुण मिळतात ते दोन शरीरांच्या एकतानतेला: पात्याच्या कडेवर किती खोल झुकता, एका पायावर पुढे सरकत घ्यायच्या ट्विझल नावाच्या गिरक्या दोघांच्या एकाच क्षणी सुरू होऊन एकाच क्षणी संपतात का, दोघांमधील अंतर किती कमी राहते. त्यामुळे उंची, पायांची लांबी, वेग, स्वभाव आणि संगीताचा कान जुळणारा जोडीदार मिळणे हीच पहिली आणि सर्वांत कठीण परीक्षा असते. त्यातच जगभर या खेळात मुली पुष्कळ आणि मुलगे थोडे. आपल्या देशात जोडीदार मिळाला नाही की खेळाडू दुसऱ्या देशात शोधते. जोडी जमली की कोणत्या देशाकडून खेळायचे हा प्रश्न त्यानंतर येतो. पासपोर्ट जोडीच्या मागून येतो, आधी नव्हे. ज्यांना अशा खेळाडूंना भाडोत्री म्हणण्याची घाई असते, त्यांनी हा क्रम एकदा नीट पाहायला हवा.

(दृश्य : जुन्या स्पर्धांची क्षणचित्रे. गॅमेलिन आणि त्याची जुळी बहीण डॅनिएल.)

अलेक्झांडर गॅमेलिन 2015 पर्यंत आपली जुळी बहीण डॅनिएल हिच्यासोबत अमेरिकेकडून खेळत होता. बहिणीने खेळ सोडला आणि तो एकटा पडला. युराचीही जोडी त्याच सुमारास मोडली होती. तिचा आधीचा जोडीदार टिम कोलेटो हा मोंटाना राज्यात जन्मलेला अमेरिकन. तो तिच्यासोबत कोरियाकडून खेळला, नंतर नॉर्वेकडून, आणि शेवटी जपानच्या मिसातो कोमात्सुबारा हिच्याशी लग्न करून, 2020 मध्ये जपानचे नागरिकत्व घेऊन, 2022 च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये जपानच्या सांघिक संघात उतरला. त्या संघाला आधी कांस्य आणि रशियन खेळाडूच्या उत्तेजक प्रकरणाचा निकाल लागल्यावर रौप्यपदक मिळाले. चार देशांचे झेंडे पाहिलेल्या या खेळाडूला जपानी प्रेक्षकांनी आपला मानले, हे इथे नोंदवून ठेवायला हवे.

युरा आणि अलेक्झांडर 2015 मध्ये एकत्र आले. युराचे आईवडील कोरियन, त्यामुळे कोरियाशी तिचे नाते जन्माचे होते. गॅमेलिनचे तसे काहीच नव्हते.

(दृश्य : सोल. एका रिंकवर रांगेने सराव करणाऱ्या लहान मुली. जवळजवळ सर्व जणी एकेरी स्केटिंगच्या.)

या मुली कोणामुळे बर्फावर आल्या, हे कोरियात विचारावे लागत नाही. 2010 मध्ये किम युना हिने व्हँकुव्हरला सुवर्णपदक जिंकले आणि देशभर फिगर स्केटिंगची लाट आली. पण ती लाट एकेरीची होती. आइस डान्सला प्रशिक्षक नव्हते, नृत्यासाठी तयार होणारे मुलगे नव्हते, आणि रिंकवरचे तास शॉर्ट ट्रॅक (बर्फावरच्या वेगाच्या शर्यती), आइस हॉकी व एकेरीचे खेळाडू यांच्यात वाटले गेलेले होते. 2002 च्या सॉल्ट लेक सिटी ऑलिंपिकमध्ये कोरियाची एक जोडी आइस डान्समध्ये खेळली होती. त्यानंतर एकही नाही.

जुलै 2011 मध्ये दर्बान येथे प्योंगचांगला 2018 च्या हिवाळी ऑलिंपिकचे यजमानपद मिळाले आणि ही उणीव एकदम डोळ्यांत भरू लागली. 2014 पासून ऑलिंपिकमध्ये फिगर स्केटिंगची सांघिक स्पर्धा सुरू झाली, आणि त्या स्पर्धेत पुरुष, महिला, पेअर्स आणि आइस डान्स हे चारही प्रकार असतात. एक रकाना रिकामा ठेवून यजमान देश आपल्याच घरच्या स्पर्धेत कसा उतरणार? म्हणून कोरियाच्या स्केटिंग संघटनेची नजर परदेशी वाढलेल्या कोरियन वंशाच्या मुलींकडे आणि त्यांच्या परदेशी जोडीदारांकडे वळली. लिथुआनियात जन्मलेली रेबेका किम रशियाच्या किरिल मिनोवसोबत काही काळ कोरियाकडून खेळली; ती जोडी ऑलिंपिकपूर्वीच फुटली. मग आशा उरली ती नोव्हायच्या जोडीवर.

(दृश्य : पासपोर्ट, कागदपत्रे, कोरियन भाषेची पाठ्यपुस्तके यांची जवळून घेतलेली चित्रे.)

इथे नियमांतील एक फरक समजून घ्यावा लागतो. आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटनेच्या स्पर्धांमध्ये जोडीपैकी एकाकडे संबंधित देशाचे नागरिकत्व असले तरी चालते. ऑलिंपिकची सनद मात्र प्रत्येक खेळाडू त्या देशाचा नागरिक असण्याचा आग्रह धरते. म्हणजे एखादी जोडी वर्षानुवर्षे एखाद्या देशाकडून जागतिक स्पर्धा खेळू शकते, त्या देशासाठी ऑलिंपिकची जागाही मिळवू शकते, आणि तरीही त्या जागेवर स्वतः खेळू शकत नाही. लिथुआनियाच्या जोडीवर हेच ओढवले. अमेरिकेत जन्मलेली अ‍ॅलिसन रीड 2017 पासून साउलियुस अंब्रुलेविचियुस याच्यासोबत लिथुआनियाकडून खेळत होती. तिला नागरिकत्व नाकारले गेले, म्हणून या जोडीने 2022 चे बीजिंग ऑलिंपिक गमावले. दोन वर्षांनी कौनास येथे घरच्या प्रेक्षकांसमोर याच जोडीने युरोपीय स्पर्धेत कांस्यपदक जिंकले. पडद्यावरचा हा जल्लोष त्या दिवसाचा आहे. तिला नागरिकत्व मिळायला 2025 साल उजाडले.

कोरियाचा कायदा या बाबतीत अधिक मोकळा आहे. 2011 पासून तिथे विशेष गुणवत्तेच्या परदेशी व्यक्तींना विशेष नागरिकत्व देता येते आणि त्यांना मूळचे नागरिकत्व सोडावे लागत नाही. देशाच्या ऑलिंपिक समितीची शिफारस आणि विधी मंत्रालयाच्या समितीची छाननी एवढे मात्र पार करावे लागते. भारतीय प्रेक्षकाला हा तपशील विशेष जाणवेल. आपला कायदा दुहेरी नागरिकत्व मानत नाही आणि क्रीडा मंत्रालयाच्या 2008 च्या धोरणानुसार भारतीय पासपोर्टधारकालाच देशाकडून खेळता येते. म्हणूनच अमेरिकेत जन्मलेली तमिळ कुटुंबातील स्केटर तारा प्रसाद हिला भारताकडून खेळण्यासाठी 2019 मध्ये नागरिकत्व बदलावे लागले. न्यू जर्सीत किंवा कॅलिफोर्नियात स्केटिंग शिकणाऱ्या एखाद्या मराठी घरातील मुलीलाही उद्या हाच निर्णय घ्यावा लागेल.

गॅमेलिनने कोरियन भाषेचा अभ्यास केला, अर्ज केला, मुलाखतीला सामोरा गेला, आणि 2017 मध्ये कोरियाचा नागरिक झाला. सप्टेंबरमध्ये जर्मनीतील ओबर्स्टडॉर्फ येथे नेबेलहॉर्न स्पर्धेत उरलेल्या ऑलिंपिक जागांसाठी चुरस होती. तिथे ही जोडी चौथी आली आणि 16 वर्षांनी कोरियाला आइस डान्समधील ऑलिंपिकची जागा मिळाली.

(दृश्य : गांगनुंग आइस अरीना, 20 फेब्रुवारी 2018. फ्री डान्स, म्हणजे दुसरे, लांब नृत्य. हानबोकवर बेतलेले पोशाख घालून युरा आणि अलेक्झांडर बर्फावर येतात.)

हानबोक हा कोरियाचा पारंपरिक पोशाख. त्याचे आखूड पोलके आणि उंच बांधलेला घेर इथे बर्फासाठी हलक्या कापडात उतरवला आहे. संगीत आरिरांग या कोरियन लोकगीताचे आहे. कोरियात आरिरांग ठाऊक नसलेला माणूस सापडणे कठीण. प्रांतोप्रांती त्याच्या चाली आणि शब्द वेगळे, आणि त्यांतील जोंगसोनचे आरिरांग तर याच गांगवोन प्रांताचे, जिथे हे ऑलिंपिक भरले आहे. 2012 मध्ये युनेस्कोने आरिरांगला मानवी वारशाच्या यादीत घेतले. तरीही परदेशी पंचांना हे गाणे अपरिचित वाटेल आणि गुण कमी पडतील, असा सावधगिरीचा सल्ला या जोडीला मिळाला होता. संपूर्ण हंगाम याच गाण्यावर खेळण्याचा निर्णय त्यांनी सल्ला बाजूला ठेवून घेतला. देशाशी नाते जुळले आहे की नाही हे तपासायचे असेल, तर मला हा निर्णय कोणत्याही पासपोर्टपेक्षा मोठा पुरावा वाटतो.

निवडलेल्या आधुनिक गीतात एक ओळ दोक्दो बेटांविषयी होती. या बेटांवर जपानही हक्क सांगतो, त्यामुळे ऑलिंपिकच्या व्यासपीठावर ती ओळ राजकीय ठरण्याची शक्यता होती. सुमारे तीन सेकंदांची ती ओळ काढून टाकण्यात आली आणि तेवढ्या भागात केवळ वाद्ये राहिली.

(दृश्य : फ्री डान्स पुढे चालू. निवेदन थांबते; सुमारे पन्नास सेकंद फक्त संगीत आणि प्रेक्षकांचा आवाज.)

फ्री डान्सला 86.52 गुण मिळाले, एकूण 147.74. ही जोडी 18 वी आली; ऑलिंपिकच्या आइस डान्समध्ये कोरियाची त्यापूर्वीची कामगिरी 24 व्या क्रमांकाची होती.

(दृश्य : प्रेक्षकांतील कोरियन झेंडे. गुणांची वाट पाहत बसलेली जोडी.)

या सरावाचा खर्च मोठा होता, आणि ही जोडी लोकवर्गणीच्या संकेतस्थळावर मदत मागत होती. प्योंगचांगनंतर त्यात कोरियातून पैशांचा ओघ सुरू झाला. राष्ट्राध्यक्ष मून जे-इन आणि त्यांच्या पत्नी यांनी मिळून 1,000 डॉलर दिले, आणि एकूण रक्कम 1 लाख डॉलरच्या पुढे गेली. जुलै 2018 मध्ये जोडी फुटली, आणि या पैशांवरून दोघांत जाहीर वादही झाला. युरा पुढे डॅनियल ईटन या दुसऱ्या अमेरिकन जोडीदारासोबत कोरियाकडून खेळली.

(दृश्य : कॅल्गरी, 2023. कनिष्ठ जागतिक स्पर्धेचा पदक वितरण समारंभ.)

पडद्यावरची ही मुलगी हाना लिम, जन्म माँट्रियलचा. शेजारी ये क्वान, जन्म कॅनडातलाच, आईवडील चिनी. कनिष्ठ जागतिक स्पर्धेतील हे रौप्यपदक कोरियाच्या नावावर आहे, आणि आशियातील कोणत्याही देशाला आइस डान्समध्ये तिथे मिळालेले ते पहिले पदक आहे. या समारंभाच्या वेळी क्वान कोरियाचा नागरिक नव्हता. त्याला विशेष नागरिकत्व मिळाले डिसेंबर 2024 मध्ये, म्हणजे 2026 च्या मिलानच्या ऑलिंपिकला चौदा महिने बाकी असताना. गॅमेलिनला मिळाले तेव्हा प्योंगचांग जेमतेम अर्ध्या वर्षावर आले होते.