कुंपण, कपाट आणि ताटातले तांदूळ

(वसंत व्याख्यानमालेतील भाषणाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्षमहाराज आणि मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय ‘सीमासुरक्षा आणि स्थलांतर धोरण’. विषय संयोजकांचा, पण नाव माझं, त्यामुळे जबाबदारी माझीच. मागच्या रांगेतल्यांना ऐकू येतंय ना? नसेल तर तुम्ही नशीबवान.

सीमेवर जाण्याआधी दोन मिनिटं आमच्या घरी या. आमची आई लग्नाआधी कृष्णा. लग्नात ताटात तांदूळ पसरले, वडिलांनी सोन्याच्या अंगठीनं ‘मालती’ लिहिलं, झाली ती मालती. पहिलं नाव नवं, मधलं नाव नवं, आडनाव नवं. (समोरच्या बायका हसताहेत, म्हणजे इथंही बऱ्याच कृष्णा बसल्यात.) पुढं चाळीस वर्षांनी माझ्या बहिणीच्या बाळंतपणाला मस्कतला जायचं ठरलं आणि पासपोर्टची वेळ आली. शाळा सोडल्याचा दाखला कृष्णाचा, रेशनकार्ड मालतीचं. खिडकीतल्या साहेबांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले, चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, “या दोघी एकच, याला पुरावा?”

वडील म्हणाले, “होता ना. त्याचा त्याच दिवशी भात करून खाल्ला.”

साहेब हसले नाहीत. मग प्रतिज्ञापत्र, मग राजपत्रात नावबदल, मग माहेरच्या गावचे पोलीस पाटील. ते गाव सोडून पुण्याला मुलाकडे गेलेले. पासपोर्ट हाती आला तेव्हा नातू रांगत होता. वडिलांनी तो उघडून पाहिला, तर माहेरच्या गावाचं स्पेलिंग चुकलेलं. आई म्हणाली, “राहू दे, आता परत बारसं नको.”

चिठ्ठी आली. बारा मिनिटं उरली म्हणे. असू दे.

हे सांगायचं कारण आसाम. १९८५च्या आसाम करारानं २४ मार्च १९७१ची मध्यरात्र ही रेघ ठरवली, त्यानंतर बांगलादेशातून आलेला तो परका. राष्ट्रीय नागरिक नोंदणीसाठी, म्हणजे एनआरसीसाठी, त्याआधीच्या कागदात तुमचं किंवा पूर्वजांचं नाव हवं: १९५१ची नोंदवही, जुन्या मतदार याद्या वगैरे. शिवाय तुमचं त्या पूर्वजाशी नातं दाखवायचं. आता अशी बाई धरा, शाळा पाहिली नाही, अठरा पुरायच्या आत लग्न, आणि मतदार यादीत पहिल्यांदा नाव आलं ते सासरच्या गावात, नवऱ्याच्या नावापुढं. ती बापाची लेक, हे कुठल्या कागदात? अशा लाखो बायकांकडे ग्रामपंचायतीचा दाखला होता. उच्च न्यायालयानं २०१७मध्ये तो बाद ठरवला, त्याच वर्षी डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयानं पडताळणीच्या अटीवर चालेल म्हणून सांगितलं. ३१ ऑगस्ट २०१९ला अंतिम यादी आली तेव्हा ३ कोटी ३० लाख अर्जदारांपैकी १९ लाख ६ हजार ६५७ बाहेर. आमच्या मालतीबाई तिथं जन्मल्या असत्या तर कुठल्या बाजूला गेल्या असत्या, मला खरंच सांगता येत नाही.

पुन्हा चिठ्ठी. पाच मिनिटं. मग मूळ विषय आता दौडतच घेतो.

बांगलादेशाशी आपली सीमा ४,०९६ किलोमीटरची. कुंपण साधारणपणे सीमारेषेच्या १५० यार्ड आत, त्यामुळे कित्येक भारतीय शेतकऱ्यांची शेतं तारेपलीकडे. फाटक उघडेल तेव्हा ओळखपत्र जवानांकडे ठेवून नांगर घेऊन जायचं आणि ठरल्या वेळी परतायचं. आसामातल्या धुब्रीला ब्रह्मपुत्रा आहे, तिथली वाळूची बेटं दर पुराला जागा बदलतात. खांब रोवणार कुठं? म्हणून २०१९पासून तिथं सेन्सर आणि कॅमेरे. कुंपण हवंच, त्याबद्दल माझं भांडण नाही.

भांडण कपाटाशी आहे, म्हणजे घरच्या कपाटातल्या कागदांवर माणूस ठरवण्याशी. १९४६च्या परकीय नागरिक कायद्यानं, आपण परके नाही हे सिद्ध करायचं ओझं ज्याच्यावर संशय त्याच्याच डोक्यावर दिलं. २०२५च्या नव्या कायद्यानं चार जुने कायदे मोडीत काढले, हे ओझं मात्र जपून ठेवलं. आणि गंमत बघा, जो पैसे मोजून खोटे कागद करतो त्याचे कागद अक्षरन् अक्षर जुळतात. स्पेलिंग चुकतं ते खऱ्या माणसाचं. जून २०२५मध्ये आपल्या महाराष्ट्रात राबणाऱ्या पश्चिम बंगालच्या काही मजुरांना बांगलादेशी समजून सीमेपलीकडे ढकललं आणि नंतर परत आणावं लागलं. ते आपल्याच इमारतींवर विटा वाहत होते.

तिसऱ्या रांगेतले काका विचारताहेत, मग घुसखोरांना सोडून द्यायचं का? नाही काका. पकडा, खटला चालवा, त्यांच्या सरकारकडून ओळख पटवून घ्या आणि परत पाठवा. त्यांनी आपला म्हटलंच नाही तर पाठवणार कुणाकडे? पण आधी सरकारनं पुरावा मांडावा, मग त्या माणसाला कपाट उघडायला सांगावं. आणि काकूंचं माहेरचं नाव काय हो? त्यांचा दाखला जरा शोधून ठेवा.

तिसरी चिठ्ठी आली. यावर नुसतं ‘चहा’ लिहिलंय.