गाडी नक्की कशावर उभी आहे?

(सांगलीत जुन्या गाड्यांच्या हौशी मंडळींसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. मागच्या रांगेतल्यांना ऐकू येतंय ना? आयुष्य कुपवाडच्या एमआयडीसीत मशीनच्या आवाजात गेलं, त्यामुळे मी जरा मोठ्यानेच बोलतो. त्रास झाला तर हात वर करा.

घरात गाडी उचलायची चार खांबांची लिफ्ट कशाला, असं मला सगळेच विचारतात. कारण २०१९चा ऑगस्ट. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट. त्या वर्षी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. माझी जुनी गाडी, प्रीमियर पद्मिनी, खिडकीच्या काचेपर्यंत पाण्यात होती. पाणी ओसरल्यावर सीटखालून गाळ काढताना ठरवलं की पुढच्या पुराला गाडी छताला टेकवून ठेवायची. लिफ्ट आली ती पुरासाठी. गाडीखाली उभं राहून काम करायची चटक नंतर लागली.

पण चार खांबांच्या लिफ्टची एक खोड आहे. ती गाडीला चाकांवर उचलते. गाडी दोन लांब लोखंडी पट्ट्यांवर चढते आणि पट्ट्या वर जातात. ऑईल बदला, सायलेन्सर काढा, काही अडचण नाही. ब्रेकचा ड्रम उघडायचा म्हटलं की चाक काढावं लागतं, आणि त्याच चाकावर तर गाडी उभी. म्हणून रोलिंग जॅक. दोन पट्ट्यांच्या मधल्या फटीत, आतल्या कडांच्या रुळांवर आडवा बसणारा, पुढे-मागे ढकलता येणारा जॅक. एका वेळी एक ॲक्सल, म्हणजे पुढची किंवा मागची चाकांची जोडी उचलतो. म्हणून ४ टनांच्या लिफ्टवर साधारण २ टनांचा जॅक पुरतो.

माझा हातपंपाचा आहे. हवेवर चालणाराही मिळतो, त्याला कॉम्प्रेसरची ६ ते ८ बार हवा लागते. आमच्याकडे ऐन वेळी लाईट जाते, म्हणून मी हातपंप घेतला. ताकदीची काळजी नको. पंपाचा दट्ट्या १२ मिलिमीटरचा आणि गाडीला वर ढकलणारा मोठा दट्ट्या, म्हणजे रॅम, ६० मिलिमीटरचा धरा. व्यास ५ पट म्हणजे क्षेत्रफळ २५ पट. दांड्याने १० पट मिळतात. हाताने २० किलो जोर लावला की रॅमखाली ५ टन, घर्षणाचं थोडं वजा करा. पास्कलने हे १७व्या शतकात सांगून ठेवलं. त्याची किंमतही आहे. दट्ट्या २५ मिलिमीटर दाबला की रॅम १ मिलिमीटर वर येतो. घाम फुकट जात नाही, हळूहळू फळतो.

बसवायच्या दिवशी पहिला वाद वजनावरून. जॅक सव्वाशे किलोच्या आसपास. मेहुणे म्हणाले, "चौघं आहोत, उचलू की." मी म्हटलं, भावोजी, उचलाल हो, पण फटीत उतरवताना बोटं कुणाची जाणार? शेवटी लिफ्ट कमरेएवढी वर घेऊन चारही खांबांची लॉकं लावली. जॅकचे बाजूचे हात आत ढकलून घेतले, तो फळीवर ठेवला आणि फळीखाली ट्रॉली जॅक लावून सावकाश वर घेतला. रुळाच्या वर आला तसे हात बाहेर ओढले, रोलर रुळावर टेकवले, स्टॉप बोल्ट आवळले. अर्धा तास लागला. बोटं सगळ्यांची शाबूत.

तेल ३२ नंबरचं हायड्रॉलिक. रॅम पूर्ण खाली असताना पातळी बघून भरायचं. रॅम वर असताना भरलंत तर खाली येताना सगळं तेल अंगावर. आणि कृपा करून ब्रेक ऑईल ओतू नका. त्याने जॅकची सीलं फुगतात आणि कामातून जातात. नंतर व्हॉल्व्ह सैल करून दांडा १०-१५ वेळा हलवायचा, हवा निघून जाते. मग रिकामा जॅक दोन-तीनदा पूर्ण वर-खाली करायचा. दांडा स्पंजासारखा लागला तर आत अजून हवा आहे.

आता खरी गोष्ट. जॅक पट्ट्यांवर ढकलून बघितला. पुढे छान चालला, मागे खडखडायला लागला. टेप लावला. पट्ट्यांमधलं अंतर पुढे ९४८ मिलिमीटर, मागे ९६२. म्हणजे १४ मिलिमीटरचा फरक, आणि रोलर २५ मिलिमीटर रुंदीचा! मागच्या टोकाला तो रुळावर जेमतेम निम्मा टेकत होता. बसवणाऱ्याने एक पट्टी आडव्या बीमच्या लांबट भोकांत तशीच तिरकी आवळली होती. लिफ्ट घेतली तेव्हा कुणी अंतर मोजलं नव्हतं, मीही नाही. नुसत्या गाड्या चढवायच्या तर हा फरक कधी कळत नाही. तेव्हा जॅक आणण्याआधी तीन ठिकाणी मोजा, पुढे, मध्ये, मागे. मग गाडी चढवून परत मोजा, कारण वजनाने पट्टी थोडी पीळ घेते.

पट्टी सरळ केली आणि दुसरी गंमत दिसली. जॅक मध्ये ठेवला की आपोआप मागे घरंगळायचा. पाणसळ लावायची गरजच नाही, जॅकच पाणसळ! मागचे खांब ९ मिलिमीटरने बसले होते. आपली जमीन काळी. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि वरचा काँक्रीटचा स्लॅब तिच्याबरोबर उठबस करतो. लिफ्टच्या पोलादी दोरखंडाचे आणि खांबांतल्या लॉकच्या पट्टीचे नट फिरवून ते नीट करता येतं. मी म्हटलं, बघू पुढच्या रविवारी. हा रविवार मला नडला.

मागचा ब्रेक उघडायचा होता. पद्मिनीचा मागचा ॲक्सल सलग, पाट्यांवर, म्हणजे पट्ट्यांच्या स्प्रिंगांवर बसलेला, त्यामुळे टेकू कुठे द्यायचा हे सोपं. ॲक्सलच्या मधोमध असलेल्या डिफरन्शियलच्या गोळ्याला नाही, पाट्याजवळ ॲक्सलच्या नळीला. हँडब्रेक ओढला, गाडी गिअरमध्ये टाकली, पंप मारला, चाकं उचलली. आणि गाडी हलली. जॅकसकट मागे सरकायला लागली.

हँडब्रेक मागच्या चाकांना. गिअर मागच्या चाकांना, कारण पद्मिनीत इंजिनाची ताकद मागे जाते. आणि मागची चाकं तर मी हवेत उचलली होती! खाली टेकलेली पुढची दोन चाकं मोकळी. आजच्या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांत हे वेगळं. पुढचा भाग उचललात तर गिअर बिनकामाचा, मागचा उचललात तर हँडब्रेक बिनकामाचा. पण आपल्या जुन्या गाड्यांत मागून उचललं की दोन्ही जातात.

कुणीतरी विचारतंय, वजन आल्यावर जॅक रुळावर घट्ट बसायला नको का? बरोबर विचारलंत. चांगल्या जॅकचे रोलर स्प्रिंगवर असतात. रिकामा असताना तो रोलरवर चालतो, भार आला की स्प्रिंग दबतात आणि फ्रेमचे पाय थेट रुळावर टेकतात. माझ्या स्प्रिंग जड गाडीसाठी असाव्यात तशा करकचून आवळलेल्या आल्या होत्या. पद्मिनी उणीपुरी ९०० किलोची, मागच्या ॲक्सलवर त्यातलं निम्मं. स्प्रिंग दबल्याच नाहीत, जॅक रोलरवरच राहिला. त्यात उतार मागे.

गाडी ४ इंच गेली आणि थांबली. पट्टीवर पुढच्या चाकामागे माझी पान्यांची पेटी विसरून राहिली होती. ही बघा. झाकण अजून लागत नाही.

आता पुढच्या दोन्ही चाकांना मागून-पुढून लाकडी ठोकळे लावल्याशिवाय मी दांड्याला हात लावत नाही. स्प्रिंगचे नट सैल केले. आता पंप मारताना फ्रेम रुळावर 'टक' करून बसते, तो आवाज ऐकला की मगच पुढचा दांडा. उंची मिळाली की जॅकचं लॉक लावतो आणि रॅम थोडा खाली सोडून वजन लॉकच्या दातावर घेतो. लिफ्टचंही तसंच, वर नेऊन थोडी खाली आणून चारही लॉकांवर टेकवायची. सील झिजलं की तेल गळतं, गाडी रात्रभरात बोटभर खाली येते. लोखंडी दात सरकत नाही. ड्रमखाली हात असताना गाडी कशावर उभी आहे, एवढं मी रोज एकदा मोठ्याने बोलतो. बायको म्हणते, हे गाडीशी गप्पा मारतात.

ज्यांना बघायचं आहे त्यांनी रविवारी सकाळी विश्रामबागला या. चहा मिळेल. पण चपला घालून येऊ नका, बूट घाला. आणि मेहुणे भेटले तर जॅक चौघांनी उचलल्याची गोष्ट सांगतील. ती खरी नाही.