गुरुवारची गोळी

मंडळी, पेशंट माझ्या खोलीचं दार कसं उघडतो, तिथूनच माझी तपासणी सुरू होते. मूठ बोटांनी धरली तर बरं. तळव्याने ढकललं, तर समजायचं, सकाळचे अकरा वाजले तरी हात मोकळे झालेले नाहीत.

आमवात, म्हणजे र्‍हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, ही वयामुळे होणारी झीज नव्हे. शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्याच्या अस्तरावर उलटते. आमच्या गावात तेव्हा संधिवाततज्ज्ञ नव्हता. गोळ्याही मीच द्यायचो, सुरीही मीच धरायचो.

एकदा एकाच दिवशी दोघी आल्या, रिपोर्ट जवळजवळ सारखेच. पासष्टीच्या आजींना मेथोट्रेक्सेट दिलं, उलटलेली प्रतिकारशक्ती आवरणारं औषध. दुसरीचं लग्न ठरलेलं. तिला विचारलं, मूल कधी हवंय? शेजारी बसलेली आई दचकलीच! पण हे औषध गर्भाला घातक. म्हणून तिला सल्फासालाझिन आणि हायड्रॉक्सिक्लोरोक्विन. त्यातल्या दुसऱ्यासाठी डोळे तपासत राहावे लागतात.

मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचं. मी चिठ्ठीवर ‘आठवड्याची गोळी’ लिहिलं. एका बाईंनी ती आठवडाभर रोज घेतली. तोंड सोलून निघालं, पांढऱ्या पेशी घसरल्या, भरती करावं लागलं. चूक माझी. तेव्हापासून मी वार विचारतो. गुरुवार करता ना? मग गोळी गुरुवारची. शुक्रवारी कोणी पुन्हा गुरुवार करत नाही. (फराळ करून घ्या, बरं का.) जोडीचं फॉलिक ॲसिड, म्हणजे एक जीवनसत्त्व, वेगळ्या वारी.

या गोळ्यांनी भागलं नाही तर बायोलॉजिक इंजेक्शनं, प्रतिकारशक्तीला नेमक्या जागी लगाम घालणारी. आपल्याकडे तिथे दोन अडचणी, खिसा आणि टीबी. अंगात निजलेला टीबी यातली काही इंजेक्शनं जागा करतात, म्हणून आधी त्याची तपासणी.

औषधं सुधारली तशी ऑपरेशनं कमी झाली, संपली नाहीत. गुडघा बदलायचा तर सगळे गुडघा बघतात. मी हात बघतो. नंतर वॉकर कशाने धरणार? मूठच वळत नसेल तर कोपरापासून हात टेकवता येईल असा वॉकर आणून ठेवायचा. मानेचा एक्स-रेही हवा. या आजारात मानेतले वरचे दोन मणके एकमेकांवर सैल होतात. भूल देताना मान नको तशी वळली तर मज्जारज्जूवर दाब येतो.

शिवणकाम करणाऱ्या एका बाईंची बोटं करंगळीच्या बाजूला पार कलली होती. म्हटलं, सरळ करून देतो. त्यांनी पिशवीतून कात्री काढली, ब्लाउजपीस सरसर कापून दाखवला आणि विचारलं, “डॉक्टर, सरळ केल्यावर हे जमेल?”

छातीठोक ‘हो’ म्हणता येईना. बोटं तशीच ठेवली. मनगटाच्या मागे करंगळीच्या बाजूला वर आलेलं हाड मात्र काढलं. त्यावर घासून घासून बोट उचलणारी दोरी एक दिवस तुटते, न दुखता. सकाळी उठून बघावं तर करंगळी खालीच. तेवढी वाट बघायला त्याही तयार नव्हत्या. लग्नसराई तोंडावर होती.