पाणी गेलं पाहिजे, पाणी राहिलं पाहिजे

नमस्कार श्रोतेहो.

भेटवस्तू घरीच करायची ठरली की सगळे एकच प्रश्न विचारतात, काय करायचं? खरा प्रश्न दुसराच असतो. यातलं पाणी कुठे जाणार? घरच्या भेटवस्तू बिघडतात त्या बहुतेक वेळा पाण्यापायी. आज मुलांना हाताशी घेऊन करण्याजोग्या तीन वस्तू सांगते. तिन्ही वेळा पाण्याचं पुराण लावणार आहे, तेवढं सोसा.

पहिली वस्तू, मिठाच्या कणकेची टांगती शोभा. तारे, पानं, नावाच्या पाट्या, काय हवं ते. दोन वाट्या मैदा, एक वाटी बारीक मीठ, पाऊण वाटी पाणी. पुन्हा सांगते, दोन, एक, पाऊण. वाटी कुठलीही घ्या, पण तिन्ही मापं त्याच वाटीची. जाडं मीठ नको, ते विरघळत नाही आणि वस्तू खरखरीत होते. मैदाही साधाच हवा. बेकिंग पावडर मिसळलेला तयार मैदा घेतलात तर ताऱ्याची उशी होईल. पाणी थोडं थोडं घालत आठ-दहा मिनिटं नेटानं मळा. बोट दाबलं की खळगा तसाच राहावा आणि बोटाला काही लागू नये.

पाच मिलिमीटर जाड लाटा, आकार कापा आणि दोरा ओवायचं भोक लगेच पाडा, कडेपासून एक सेंटीमीटर आत. वाळल्यावर भोक पाडायला गेलात तर हातात दोन तुकडे येतील.

आता वाळवण. ओव्हन 100 ते 110 अंशांवर, दोन ते तीन तास, दर तासाला वस्तू उलटायच्या. घाईनं आच वाढवली की वरचा थर आधी कडक होतो, आतल्या पाण्याची वाफ कोंडते आणि फुगे येतात. उलटायला विसरलात तर कडा वर वळतात. वाळलं की नाही ते कानानं ओळखा. टिचकी मारा. कोरडा, टणक आवाज आला तर झालं. दबका आला तर आत ओल आहे, परत आत ठेवा. रंग अ‍ॅक्रिलिकचे. आणि वॉर्निशचे दोन हात सगळीकडून, मागून आणि भोकाच्या आतूनसुद्धा, कारण मीठ हवेतली ओल ओढतं. एक जागा उघडी राहिली तरी पुढच्या दमट दिवसांत तारा मऊ पडतो. घरात कुत्रा असेल तर कच्चा गोळाही उंच ठेवा आणि तयार वस्तूही. इतकं मीठ त्याच्या पोटात जाणं जिवावर बेतू शकतं.

चमकी लावायची का, असं मुलं विचारतीलच. माझं ऐकाल तर चमकी घरात आणूच नये. भेट निघून जाते, चमकी वर्षभर आपल्याकडे राहते.

ह्या कणकेवरून एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. अमेरिकेत सिनसिनाटी शहरात कुटॉल नावाची साबणाची कंपनी होती. 1930 च्या दशकात तिथल्या घरोघरी कोळशाच्या भट्ट्या होत्या आणि भिंतींना कागद चिकटवलेला असे. कोळशाची काजळी त्या कागदावर बसायची. पुसायची कशी? ओलं फडकं लावलं तर कागदच जायचा. म्हणून ह्या कंपनीनं एक मऊ गोळा विकायला काढला. तो भिंतीवरून फिरवायचा, काजळी गोळ्याला चिकटून येते आणि भिंत कोरडीच राहते. हा गोळा बनवला होता नोआ मॅकव्हिकर यांनी. धंदा झकास चालला.

मग दुसरं महायुद्ध संपलं. घरं गॅसवर आणि तेलावर तापू लागली, काजळी कमी झाली. त्यातच व्हिनाइलचा वॉलपेपर आला. तो चक्क पाण्यानं पुसता येतो! गंमत बघा, पाणी चालत नव्हतं म्हणून जो धंदा उभा राहिला, तो पाणी चालायला लागल्यावर बसला. कंपनीत आता नोआंचा पुतण्या होता, त्याचं नाव जो मॅकव्हिकर, आणि गोळ्याला गिऱ्हाईक नव्हतं.

त्यांच्याच नात्यातल्या के झुफॉल न्यू जर्सीत बालवाडी चालवत. बाजारात मिळणारी माती छोट्यांच्या बोटांना कडक पडते, ही त्यांची अडचण. अशात त्यांच्या वाचनात आलं की भिंत पुसायच्या गोळ्यापासून नाताळची टांगती शोभा करता येते. म्हणजे आपण आत्ता केली तीच वस्तू! त्यांनी गोळ्याचे डबे शोधून आणले आणि मुलांपुढे ठेवले. मुलं लाटतायत, कापतायत, मोडून पुन्हा लाटतायत. बाईंनी जोला कळवलं. तो आला, मुलांच्या हातात आपला पडून राहिलेला माल पाहिला, आणि त्याच्या ध्यानात आलं की आपण इतकी वर्षं चुकीच्या गिऱ्हाइकाला विकत होतो.

गोळ्यातलं सफाईचं रसायन काढलं, रंग घातला, बदामाचा वास घातला. कंपनीला नाव सुचलं, 'रेनबो मॉडेलिंग कंपाउंड'. ऐकलंत? तीन वर्षांच्या मुलानं हे मागायचं कसं? के आणि त्यांचे पती म्हणाले, 'प्ले-डो' म्हणा, म्हणजे खेळायची कणीक. 1956 मध्ये वॉशिंग्टनच्या एका मोठ्या दुकानात तो विक्रीला आला. आधी नुसता पांढरट, मग लाल, निळा, पिवळा. नाव ठेवायचं काम साहेबांकडे देऊ नये, बालवाडीच्या बाईंकडे द्यावं, असं माझं ठाम मत आहे. औषधांच्या नावांचं तर बोलायलाच नको.

ह्या गोष्टीतलं पाणी लक्षात आलं ना? टांगत्या शोभेतलं पाणी गेलं पाहिजे, खेळण्याच्या गोळ्यातलं राहिलं पाहिजे. हीच आपली दुसरी भेट, घरचा खेळायचा गोळा. एक वाटी मैदा, अर्धी वाटी मीठ, एक वाटी पाणी, एक मोठा चमचा तेल, दोन मोठे चमचे लिंबाचा रस. रंग पाण्यातच घाला. सगळं गुठळ्या मोडून कालवा आणि मध्यम आचेवर सतत हलवा. तीन-चार मिनिटांत मिश्रण कड सोडून गोळा होतं. लगेच उतरवा. चिकट राहिला तर आणखी मिनिटभर आचेवर, भुगा होऊ लागला तर चमचाभर पाणी. पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरा. गरम भरलात तर झाकणाला घाम येतो, तो खाली पडतो आणि गोळ्याला बुरशी येते. चार रंग, चार घट्ट झाकणाच्या बरण्या, भेट तयार. हाही गोळा खाण्याचा नव्हे, आणि कुत्र्यापासून हाही लांब.

वेळ संपत आली, तेव्हा खाऊ पटकन सांगते. चॉकलेटची मोडकी पाटी. 300 ग्रॅम डार्क चॉकलेट बारीक चिरा. त्यातलं 200 ग्रॅम एका कोरड्या वाडग्यात, गरम पाण्याच्या भांड्यावर वितळवा. वाडग्याचा तळ पाण्याला टेकू नये. इथे पाणी शत्रू आहे. एक थेंब पडला तरी चॉकलेटमधली साखर चिकट होऊन सगळ्याचा रवाळ गोळा होतो. साधारण 45 अंशांवर उतरवा, उरलेलं 100 ग्रॅम घाला आणि 31-32 अंशांपर्यंत गार होईस्तोवर हलवत राहा. हे टाळलंत तर पाटी पिठूळ दिसते आणि बोटांवर वितळते. थर्मामीटर नसेल तर सुरीचं टोक बुडवून बाजूला ठेवा. पाच मिनिटांत चकचकीत घट्ट झालं तर जमलं, रेघा दिसल्या तर आणखी हलवा.

कागदावर पातळ पसरा आणि वर भाजलेले बदाम, सुकवलेली फळं, चिमूटभर मीठ. भुरभुरायचं काम मुलांचं, पण हात कोरडे पुसून. ताजी फळं नकोत, त्यांना पाणी सुटतं. घट्ट झालं की हातानं मोडा, तुकडे वेडेवाकडेच छान दिसतात. फ्रीजमध्ये मात्र ठेवू नका. बाहेर काढल्यावर त्याला दव सुटतं, वरची साखर विरघळते आणि वाळली की पांढरे डाग उरतात. बंद डब्यात, गार कोरड्या जागी ठेवा.

नमस्कार.